साडेअकराचं ऊन

हन्ना घरात शिरली ती जवळजवळ उड्या मारतच. मंगळवारी ड्रॉइंगच्या सरांनी नववीच्या सगळ्यांना श्रीरामपूरच्या स्टँडसमोर एका गच्चीवर बसवून रस्ता रंगवायला लावला होता, आणि आज तिचं चित्र वर्गात पहिलं आलं होतं!

"मम्मी, सर म्हणाले, बाकीच्यांनी नुसती माणसं काढली, हन्नानं ऊन काढलं!"

मम्मीचे हात पिठाचे होते, म्हणून हन्नानं चित्र भिंतीला टेकवलं. ऊन होतं खरं! एसटीच्या टपावर कागद कोराच सोडलेला, धुळीत पिवळसर रंग, आणि चहाच्या गाडीच्या ताडपत्रीखाली निळी सावली.

"हा पाठमोरा कोण बसलाय?"

"कुणीतरी. ताडपत्रीच्या भोकांतून त्याच्या शर्टावर उन्हाचे ठिपके पडले होते ना, म्हणून घेतला."

मम्मी वाकून बघायला लागली. त्या माणसानं एक चप्पल काढून तो पाय दुसऱ्या पायावर ठेवला होता. शेजारी डब्याची लाल पिशवी, पप्पांची असते तशीच.

आता हन्नालाही दिसलं. तासभर ती त्या पाठीकडं बघत होती, अन् तिला फक्त ठिपके दिसले होते.

पप्पा खाटेवर पेपर वाचत होते. ते जवळच्या एका गावी शाळेत तासिकेवर शिकवायचे. डबा घेऊन नऊला निघायचे, सहाला परतायचे.

"किती वाजताचं ऊन गं हे?" मम्मीनं विचारलं.

पेपर सळसळायचा थांबला.

"संध्याकाळचं," हन्ना म्हणाली. "सहाचं."

"मला चित्रातलं कळत नाही म्हणून काहीही सांगशील? सावल्या पायाशी आहेत."

"चुकल्यात त्या! माझ्या नेहमीच चुकतात. सरांना कुठं काय कळतंय!"

पप्पांनी पेपरची घडी घातली.

"काही चुकलं नाही तिचं. साडेअकराचंच ऊन आहे." मग बायकोकडं न बघता म्हणाले, "स्टेला, जूनपासून माझे तास बंद केलेत. दुसरा माणूस घेतलाय त्यांनी."

"आणि तुम्ही रोज स्टँडवर?"

"रोज."

हन्ना चित्र कपाटामागं सरकवायला लागली.

"राहू दे गं," पप्पा म्हणाले. "चांगलं झालंय."

मम्मी परातीपाशी जाऊन बसली. कणकेला हात लावला, पुन्हा काढला.

"उद्या डबा करू का नको, तेवढं सांगा," ती म्हणाली.