डोंगरमाथ्यावरचा सत्कार

"चप्पल सुटती, ताई. हितं या, बांधून देतो," म्हणत राजमहंमद वाटेवरच उकिडवा बसला आणि तळेगावहून आलेल्या त्या पाहुण्या बाईंच्या चपलेला टाचेमागून सुतळीचे दोन वेढे देऊन त्यानं पक्की गाठ मारली. उठताना गुडघा कुरकुरला, पण साठीला टेकलेल्या कुणाचा कुरकुरत नाही? करवंदीच्या जाळीत शिरणाऱ्या दोन पोरांना त्यानं नुसत्या नजरेनं वाटेवर आणलं आणि परत रांगेच्या पुढे जाऊन चालू लागला.

कुरवंडे गावामागचा हा डोंगर तसा काही फार मोठा नाही. नागफणीच्या कड्यावर जाणारे ट्रेकर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण सात वर्षांचं पोर आणि सत्तर वर्षांची आजी, दोघांनाही दुपारच्या जेवणाआधी माथ्यावर पोचवणारी वाट या डोंगराला होती, आणि ती राजमहंमदनं पाडली होती. उभा चढ सोडून हिरड्या-जांभळाच्या सावलीनं वळसे घेत जाणारी. दर पावसाळा सरला की तो आणि विठ्ठल कोयते घेऊन ती मोकळी करायचे. बावीस वर्षं हिवाळ्यातल्या रविवारी दोघं पाहुण्यांना वर नेत आले होते. राजमहंमद पुढे, विठ्ठल शेवटी. दोघांतला एकच कुठे गावात दिसला, तर लोक दुसऱ्याला बरं नाही का म्हणून विचारायचे.

आज मात्र विठ्ठलनं जावयाला, अमृतला, सोबत आणलं होतं. परंदवडीजवळच्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून अमृत घरीच होता. गेले दोन हिवाळे राजमहंमदनंच त्याला वाट शिकवली होती: निसरडं कुठे, आग्यामाश्या कुठे, पोरांना बसवून पाणी कुठे पाजायचं. आपला-परका हे त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं. आदल्या दिवशी विठ्ठल राजमहंमदला म्हणाला होता, उद्या फोटो काढायचेत, चांगला शर्ट घाल. यानंही भाबडेपणानं बायकोकडून, मेहरुनकडून, ईदचा पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला होता.

माथ्यावर पोचल्यावर सगळे सावलीत टेकले. दरवर्षी ही सहल आणणाऱ्या शिक्षिका, इंद्रायणीबाई, मधोमध उभ्या राहिल्या. राजमहंमदला वाटलं, नेहमीसारखी झाडांची नावं विचारतील. बाईंनी तर पिशवीतून शाल काढली, मग नारळ. त्यांच्या बोलण्यात माया होती, आणि तीच जास्त टोचली.

"आपले राजूभाऊ आजपासून निवृत्त होतायत. आता गुडघे साथ देत नाहीत, मला घरी बसू दे, असं त्यांनी स्वतः विठ्ठलभाऊंना सांगितलं. पुढच्या वेळेपासून अमृतदादा आपल्याला वर आणतील."

टाळ्या पडल्या. हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं राजमहंमदला आधी वाटलं. मग त्यानं विठ्ठलकडे बघितलं. विठ्ठल पाण्याच्या बाटल्या गोळा करत होता, रिकाम्याही आणि भरलेल्याही.

तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथं बोलायचं होतं. अहो, पण शाल धरून समोर उभ्या राहिलेल्या माणसाला काय सांगणार? सत्काराला नाही म्हणायची सोय आपल्याकडे कुणी ठेवलीय? आणि मी असं बोललोच नाही म्हणावं, तर वीस पाहुण्यांसमोर विठ्ठल खोटा पडला असता. ज्यानं गळा कापला त्याचीच अब्रू झाकायची पाळी आली. राजमहंमदनं मान वाकवून शाल घेतली. एका मुलीनं त्याचं चित्र काढून आणलं होतं. चित्रातल्या चाचांच्या हातात काठी होती. काठी त्यानं जन्मात वापरली नव्हती. फार छान आलंय, असं तो तिला म्हणाला.

डबे उघडले तसं त्यानं विठ्ठलला झाडाआड गाठलं.

"मी कधी म्हनलो, विठ्ठल?"

विठ्ठलनं हातातली बाटली खाली ठेवली. "पोरीचं घर चालाया पायजे, राजा. गावच्या वनसमितीच्या यादीत वाटाड्यांची दोनच नावं बसत्यात."

"मग मला विचारायचं व्हतं. मी आपल्या हातानं नाव काढलं असतं."

"ते ठावं हाय मला."

"ठावं व्हतं, तरी?"

"तुजं उपकार झालं असतं. मी आन जावई, दोघंबी जन्मभर तुज्या म्होरं वाकून ऱ्हायलो असतो."

राजमहंमदच्या काळजाला घरं पडली ती इथं. काम गेल्याचं दुःख होतंच. पण आपल्या घरात येऊन शिरखुर्म्याची वाटी न विचारता तोंडाला लावणाऱ्या माणसाला आपल्याकडे मागणं जड गेलं आणि आपल्याच तोंडी खोटं घालणं सोपं वाटलं, हे त्याला गिळता येईना. तो वळला आणि पोरांच्या पंगतीत जाऊन बसला.

उतरताना अमृत पुढे, विठ्ठल मागे. राजमहंमद मधे, आज्या आणि लहानग्यांच्या घोळक्यात. सवयीनं पाय पुढे धावायचे, तो त्यांना आवरायचा. शेवटच्या कातळापाशी अमृत एकेकाला हात देऊन खाली घेत होता. राजमहंमदची पाळी आली तसा अमृतनं हात पुढे केला आणि ओशाळून मागे घेतला.

"दे हात," राजमहंमद म्हणाला. "मागनं पोरं बघत्यात. मी न्हाई धरला तर तीबी धरायची न्हाईत."

हात धरूनच तो उतरला.

पायथ्याशी माणसं मोजायची रीत त्यानंच घालून दिलेली. शेवटी चालणाऱ्यानं एकेकाच्या खांद्याला हात लावत मोठ्यानं आकडा म्हणायचा. वाटाडे त्यात धरायचे नाहीत, मोजायचे ते फक्त पाहुणे. विठ्ठल मोजत मोजत आला. वीस झाले, पाहुणे संपले. कडेला राजमहंमद उभा होता. विठ्ठल जरा घुटमळला, मग त्याच्या खांद्यावरच्या शालीला हात लावून खालच्या आवाजात म्हणाला, "एकवीस."