बाईंच्या गळ्यातला टेप

मी एक जुना टेप आहे, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यात असतो ना, तो. कारखान्यातून निघालो तेव्हा पिवळाधमक होतो आणि साठ इंचांचा भलताच तोरा होता मला. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला घेतलं आणि पुढची तीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात काढली. "बाईंच्या मापाला तोड नाही," असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि मी उगाच फुशारून जायचो.

गेल्या वर्षी बाई आजारी पडल्या आणि गेल्या. मी खुंटीवर धूळ खात लोंबकळत राहिलो. फार एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग एका सकाळी त्यांच्या लेकीने मला उचलून गालाला लावलं. शिवण ती परगावी शिकली होती. आता आईचं दुकान तिला चालवायचं होतं. पहिलंच काम आलं ते डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाचं. तिने मन लावून शिवला. पण कोट अंगात घातला तर खांदे उतरलेले आणि बाह्या बोटांवर आलेल्या!

"अगं, यात मला एकटीलाच मावायचंय ना?" डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या.

त्या गेल्यावर लेकीचा बांध फुटला. "बाबा, मला नाही जमायचं. दुकान बंदच करू या."

बाबांनी टेबलावर मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं वेडे, याने मापं घेतलीस? याला पहिला इंचच नाहीये! तुला दात येत होते तेव्हा तू चावून त्याचा चोथा केलास. आईने तेवढा कापून टाकला. मग प्रत्येक मापातून ती एक इंच वजा करायची."

"मग नवा का नाही घेतला?"

"मी आणला होता की. म्हणाली, माझ्या लेकीचे पहिले दात लागलेत याला, हाच असू दे."

लेक मला मुठीत धरून रडली, मग रडता रडता हसली आणि कोट उसवायला बसली. दुकान आज चालू आहे.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू नुसत्या कपाटात कोंडून ठेवू नका. त्या वापरा. आणि त्यांची गोष्ट विचारून घ्या, सांगणारं माणूस घरात आहे तोवर.