साडेपाचची बैठक

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. डोक्याखाली घ्यायची नव्हे, खाली घालून बसायची. नवी होते तेव्हा एक वीत उंच होते. आता चार बोटं उरले आहे. माझ्यातला कापूस बसला आहे, आणि कापूस बसला की उशीला फारसं काही वाटेनासं होतं. म्हणून माझी गोष्ट तुम्हाला जरा कोरडी लागेल. जसं घडलं तसं मी सांगते.

माझा जन्म गडहिंग्लजचा. रक्षिता आणि सुष्मिता या दोन बहिणींनी आईची जुनी गादी उसवली, कापूस बाजारातल्या गादीवाल्याकडून पिंजून घेतला आणि आईच्या निळ्या इरकल साडीचे दोन अभ्रे शिवले. एका अभ्र्यात मी झाले, दुसऱ्यात माझी जुळी. मी रक्षिताची, ती सुष्मिताची.

दोघी तेव्हा नुकत्याच दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊन आल्या होत्या. बुद्धाने शिकवलेलं ध्यान. त्यात मूर्ती नाही, जप नाही. गप्प बसायचं आणि नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. मन स्थिर झालं की डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय काय जाणवतं ते पाहायचं. गरम, गार, खाज, मुंग्या, काहीही. बरं वाटलं म्हणून धरून ठेवायचं नाही, वाईट वाटलं म्हणून ढकलायचं नाही. शेवटी सगळ्यांचं भलं चिंतायचं आणि उठायचं. निघताना शिबिरात सांगितलं होतं की खरं काम घरी गेल्यावर आहे. रोज बसा.

रक्षिताचं सासर कोल्हापुरात, शाहूपुरीत. ती एका शाळेत गणित शिकवायची. धाकटी सुष्मिता गडहिंग्लजलाच आईजवळ राहायची. मला पिशवीत भरताना ती म्हणाली, "रक्षू, तू तिकडं, मी इकडं. पण पहाटे साडेपाचला दोघींनी बसायचं. उठल्यावर 'बसले' एवढाच मेसेज टाकायचा. बाकी काही लिहायचं न्हाई."

पिशवीतून मी एसटीने कोल्हापूरला आले. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, देव्हाऱ्यापासून दोन हातांवर मला जागा मिळाली.

त्या खोलीत आधीपासून एक बाई रोज बसत होत्या. रक्षिताच्या सासूबाई, अक्काताई. हे घर लिंगायत. अंघोळ झाली की अक्काताई कपाळाला भस्म लावायच्या, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायच्या, त्यावर पाणी आणि बेलाचं पान घालायच्या आणि त्याच्याकडे टक लावून बसायच्या. चाळीस वर्षांचा नेम. शेजारी डोळे मिटून बसलेली सून त्यांना पहिल्या दिवशीच खटकली.

"काय गं, फुडं देव न्हाय, हातात लिंग न्हाय. बघतीस तरी काय?"

रक्षिता त्यांना अत्ती म्हणायची. सीमेकडच्या घरांत सासूला तसंच म्हणतात. ती म्हणाली, "श्वास बघते, अत्ती."

"श्वास काय बघायचा? जित्ती हाईस म्हंजे चालूच हाय की त्यो!"

रक्षिताला हसू आलं. सोमेशही हसला. सोमेश म्हणजे रक्षिताचा नवरा. लक्ष्मीपुरीत त्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. "आई, ऱ्हाऊ दे की. कुणाला तरास हाय का त्याचा?" तो म्हणाला. पण अक्काताई आपला पाट भिंतीकडे सरकवून, सुनेकडे पाठ करून बसू लागल्या.

अशी तीन वर्षं गेली. माझी कामाची वर्षं ती. मित्रांनो, रोज बसणं म्हणजे काही मोठं दिसणारं काम नाही. कुकरची शिट्टी व्हायची, दूधवाला बेल वाजवायचा, ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावरून ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून जायचे. रक्षिताचा पाय बधिर व्हायचा. कधी ती बसल्या बसल्या पेंगायची आणि मला एका बाजूला भार कळायचा. परीक्षेचे पेपर तपासायचे असले की तासाची वीस मिनिटं व्हायची. ताप असला तर पाच. पण बैठक चुकली नाही. महिन्यातून एका रविवारी ती मला काखेत मारून राजारामपुरीत जायची. तिथे एकीच्या घरी दहा-बारा जण जमून एकत्र बसायचे. तिथल्या जाड उशांपुढे मी साधी दिसायचे, पण माझ्या इरकलीचं सगळ्या कौतुक करायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आणि रोज साडेसहाला फोन एकदा वाजायचा. 'बसले.'

मग एका पावसाळ्यात सुष्मिताला डेंग्यू झाला. गडहिंग्लजहून तिला कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. पाचव्या दिवशी ती गेली. सव्वीस वर्षांची होती. तिचं अंथरूण, कपडे रिवाजाप्रमाणे देऊन टाकले. त्यात माझी जुळीही गेली. कुठे ते मला माहीत नाही.

बारा दिवसांनी रक्षिता परत आली आणि दुसऱ्या पहाटे साडेपाचला माझ्यावर बसली. तेच वजन, पण एखादं पोतं ठेवावं तसं. आधी ती बसली की श्वासागणिक एक बारीक हालचाल माझ्यापर्यंत यायची. आता काहीच येत नव्हतं. शेवटी भलं चिंतताना ती एकेकाचं नाव मनात घ्यायची, तेव्हा तिचे ओठ किंचित हलायचे. आता ते हललेच नाहीत. तासाने ती उठली, डबा भरला, शाळेत गेली.

ती रडली नाही. दवाखान्यात नाही, गडहिंग्लजला नाही, घरीही नाही. शेजारणी म्हणाल्या, "लई खंबीर बाई." सोमेश रोज विचारायचा, "बरं वाटतंय का?" ती म्हणायची, "हो." जेवण कसं झालंय विचारलं तरी हो. पंखा लावू का विचारलं तरी हो.

एकदा राजारामपुरीतल्या बैठकीनंतर तिने तिथल्या जाणत्या बाईंना, संयोगिताताईंना सांगितलं, "मला नाकाशी श्वास जाणवत नाही. अंगावर काहीच कळत नाही. मी बसते आणि नुसती बसते."

"काही कळत नाही, एवढं कळतंय ना? तेच बघ. आणि बसत राहा," त्या म्हणाल्या.

रक्षिता म्हणाली, "हो."

दोन महिने ती तशी बसली. मग एका सकाळी तिने मला उचललं, स्टुलावर चढली आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर जुन्या मिक्सरच्या खोक्याशेजारी ठेवून दिलं. राग वगैरे नव्हता. रिकामं भांडं कट्ट्यावरून फळीवर जावं तशी मी वर गेले.

माळ्यावर धूळ असते आणि दुपारी पत्रा तापतो. तिथून मला खालचा गॅसचा कट्टा दिसायचा. रक्षिता आता साडेपाचला उठत नव्हती, सातलाही नाही. तिने शाळेतून बिनपगारी रजा घेतली. केस विंचरायचं राहून जायचं. अक्काताई वाढतील ते खायची. पूजा करताना अक्काताई मधेच मान वळवून माझ्या रिकाम्या जागेकडे बघायच्या, असं मला पुढे सोमेशच्या बोलण्यातून कळलं.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला रक्षिताने गॅसवर दूध ठेवलं आणि समोर उभी राहिली. दूध वर आलं. ती बघत होती. दूध उतू गेलं, बर्नरवर सांडलं, जाळ विझला. ती बघतच होती. शेगडीतून गॅस सुटत राहिला. खिडकी बंद होती. हात पुढे केला असता तर बटण एका वितीवर होतं. मी वरून सगळं बघत होते, पण उशीला हाक मारता येत नाही.

अक्काताई भाजी घेऊन दारात आल्या आणि त्यांनी पिशवी तिथेच टाकली. धावत येऊन आधी बटण बंद केलं, मग सिलिंडर. खिडक्या उघडल्या. सुनेला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं. तिथलं बोलणं उघड्या दारातून माझ्यापर्यंत येत होतं.

"वास न्हाय आला तुला?"

"नाही."

"एवढा भपकारा सुटलाय, शेजारपाजाऱ्यास्नी कळंल, आन तुला न्हाय आला?"

"खरंच नाही आला, अत्ती."

अक्काताई पायरीवर मटकन बसल्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू बसत हुतीस तवा असं न्हवतं."

"तेव्हापण काही कळत नव्हतं. नुसतंच बसत होते."

"कळत नसंल. पण उठत हुतीस. डबा करत हुतीस, शाळंला जात हुतीस. मी बघत हुते की रोज."

अक्काताई पुढे म्हणाल्या, "ह्या सोमेशचा बाप गेला तवा वरीसभर मला लिंगात काय दिसत न्हवतं. नुसता काळा दगूड. तरी हातावर घ्यायची. दुसरं काय करणार?"

दुपारी सोमेश जेवायला आला, तेव्हा आईने त्याला स्टुलावर चढवलं. "ती उशी काढ खाली." धुळीने त्याला सात-आठ शिंका आल्या. अक्काताईंनी मला गच्चीवर नेऊन दोन दिवस उन्हात घातलं आणि काठीने चांगलं बडवलं. मित्रांनो, एवढा मार मी कधी खाल्ला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतः रक्षिताला उठवलं. मला नेहमीच्या जागी ठेवलं होतं. मग त्यांनी आपला पाट भिंतीपासून ओढला आणि माझ्या अगदी शेजारी, सुनेकडे तोंड करून मांडला.

"बस. मी लिंग घीती, तू तुझा श्वास घे. न्हाय कळला तर न्हाय. घड्याळ मी बघती."

रक्षिता बसली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं. अक्काताई म्हणाल्या, "झालं, ऊठ." दुसऱ्या दिवशीही दहाच. महिन्याने वीस, मग अर्धा तास. बसल्यावर तेच पोत्याचं वजन. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. ती शाळेत जाऊ लागली. विचारलं तर अजूनही 'हो'च म्हणायची. मला सांगावं असं काही त्या दिवसांत घडलं नाही. दोघी बसायच्या आणि उठायच्या, एवढंच.

जानेवारीतल्या एका पहाटे बाहेर दाट धुकं होतं. फरशी बर्फासारखी. बैठकीला अठरा मिनिटं झाली असतील. रक्षिताचं वजन माझ्यावर जरासं हललं. तिने डोळे उघडले आणि म्हणाली,

"अत्ती, माझे पाय गार पडलेत."

अक्काताईंनी तळहातावरच्या लिंगावरून नजर उचलली. गेल्या पाच महिन्यांत रक्षिताने घरात स्वतःहून सांगितलेली ही पहिली गोष्ट होती. मग त्या नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाल्या, "मग मोजं घाल की! मला काय सांगतीस?"

रक्षिता उठली. दोरीवरचे सोमेशचे मोजे काढले, घातले, परत येऊन बसली. डोळे मिटले. आणि मग माझ्या निळ्या अभ्र्यावर एक थेंब पडला, मागोमाग दुसरा. मग किती ते मी मोजले नाहीत. तिचे खांदे हलत होते, आणि ती हालचाल थेट माझ्या कापसापर्यंत येत होती. अक्काताईंनी तिला जवळ घेतलं नाही, गप्प हो असंही म्हणाल्या नाहीत. लिंग हातावर तसंच धरून त्या शेजारी बसून राहिल्या. अर्धा तास भरला तेव्हा म्हणाल्या, "झालं. च्या ठेवू?"

"नको," रक्षिता म्हणाली. "अजून थोडं बसते."

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा काहीच जाणवलं नाही. त्यानंतरही कितीतरी दिवस असेच गेले. कधी पाय गार लागतात, कधी श्वास जाणवतो, कधी काही नाही. ती बसते.

माझं आता फार दिवस राहिलेलं नाही. एका कोपऱ्याची शिवण उसवली आहे आणि कापूस गोळे गोळे झाला आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, एवढं मागणं कुठलीही उशी मागेल. पण तुमच्याकडे माझं दुसरंही एक मागणं आहे. तुमच्या घरात किंवा वर्गात कुणीतरी एकदम गप्प झालेलं असेल, सगळ्याला 'हो' म्हणत असेल, तर त्याला खंबीर म्हणून सोडून देऊ नका. बोल बोल म्हणून मागेही लागू नका. रोज ठरल्या वेळी त्याच्या शेजारी जाऊन बसा. घड्याळ तुम्ही बघा.