तीन उन्हाळ्यांचे रविवार

एका पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र दीड पानाचं, नम्र. विद्यापीठात शहरांतल्या वाढत्या उष्म्यावर संशोधन कसं करायचं याचं प्रशिक्षण चालतं, तिथल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेलं. हवामान केंद्रात मी एकतीस वर्षं निरीक्षक होतो. माझ्या नोंदवह्या त्याच्या प्रबंधासाठी त्याच्या हाती आल्या होत्या. त्यात लागोपाठ तीन उन्हाळे दुपारी अडीचचं तापमान शेजारच्या केंद्रापेक्षा दीड अंशाने कमी दिसत होतं. तापमापक बदलला होता का, त्याची पेटी हलवली होती का, एवढंच त्याला हवं होतं. कारण कळलं नाही तर ती तीन वर्षं गाळावी लागणार होती. शहरात किती तापमानाला उन्हातली कामं थांबवायची, हे तो आकड्यांच्या ज्या मांडणीवरून सुचवणार होता, तिलाच भगदाड पडणार होतं.

मला कारण माहीत होतं. म्हणून मी पत्र शब्दकोशात घालून ठेवलं आणि शब्दांचे अर्थ दुसऱ्या कोशात बघू लागलो.

माझ्या हातून आयुष्यात फारसं काही झालेलं नाही. पुस्तकं वाचली आणि आकडे लिहिले. निदान आकडे तरी धड असावेत, एवढीच इच्छा होती.

या उन्हाळ्यात एका दुपारी आमच्या गल्लीतून एक मुलगी चालत आली. डोक्यावर मोठी टोपी, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला पांढरी डबी. दर वीस पावलांवर थांबून ती वहीत काहीतरी टिपत होती. आमच्या हिने, माझ्या बायकोने, खिडकीतूनच हाक मारली.

"अगं ए बाळा, या उन्हात कुणी मासे पकडतं का? वर ये, पाणी पी."

मुलगी हसत वर आली. व्हरांड्यात टेकली आणि दोन पेले पाणी घटाघटा प्यायली. त्याच प्रशिक्षणातली होती, पहिल्या वर्षाची. सावलीत किती, पत्र्याखाली किती, भिंतीलगत किती, असं गल्ली-गल्ली मोजत फिरत होती. तिच्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. तो तिने आमच्यासमोर धरला. समोरचं पत्र्याचं छप्पर पिवळंधमक, रस्ता नारिंगी, झाडाखालची जागा जांभळी. हिच्या हातून पेला कलंडला आणि तापलेल्या फरशीवर पाणी पसरलं. पडद्यावर नारिंगीच्या मधोमध एक काळंनिळं फूल उमललं, पाकळ्या लांबवत गेलं. माझ्या अंगावर काटा आला. एकतीस वर्षं मी जे आकड्यांत लिहीत होतो, ते असं दिसतं, हे मला कधी कळलंच नव्हतं.

"आजोबा, तुम्ही काय करायचात?" तिने विचारलं.

मी काही बोलायच्या आत हिने सांगून टाकलं, "हवामान केंद्रात होते. टेकडीवरच्या."

मुलगी ताडकन उठली. "टेकडीवरच्या? आमचा सीनियर दादा त्याच वह्यांवर अडलाय! निरीक्षकांना पत्र लिहिलं, उत्तरच नाही. तो म्हणतो, बिचारे बहुतेक वारले असतील."

"वारले नाहीत," ही म्हणाली, "समोर बसलेत. पत्र आलं तर मला कळलं कसं नाही हो?"

मी कलंडलेला पेला उचलून ठेवला.

मुलीने पिशवीतून संगणक काढून उघडला. "हे बघा." पडद्यावर मुंग्यांसारखे हजारो ठिपके होते. "एकेक ठिपका म्हणजे तुमची एकेक दुपार."

मी चष्मा पुसला. थंडीतापात, सणावारी, धाकटी जन्मली त्या दिवशीसुद्धा मी त्या पांढऱ्या झडपांच्या पेटीपुढे उभा राहिलो होतो. त्या सगळ्या दुपारी एका ओळीत उभ्या होत्या, आणि ओळ उजवीकडे हळूहळू चढत होती. हे शहर तापत होतं आणि ते मी लिहीत होतो. मला पत्ताच नव्हता. मध्येच तीन उन्हाळे खड्ड्यात उतरलेले.

"गंमत म्हणजे," मुलगी म्हणाली, "कोरडा तापमापक उतरतो, पण ओल्या फडक्याचा उतरत नाही; म्हणजे हवेत ओल वाढलेली. दादाला वाटतं, पेटीजवळ कुणीतरी पाणी घालत असावं. पण नुसत्या वाटण्यावर प्रबंध होत नाही ना."

माझ्या आधी आकड्यांनीच कबुली देऊन टाकली होती.

"भेंडी!" ही एकदम म्हणाली. "अहो, माझी भेंडी! केंद्राच्या आवारात राहायचो तेव्हा कुंपणाला लागून लावलेली. धाकटीच्या वेळेपासून तीन वर्षं. मी रोज दोन वाजता नळी लावायचे."

"हो," मी म्हणालो.

"मग तिथे पाणी चालत नाही, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"भेंडी फार चांगली आली होती."

मुलीने तोंडावर हात धरला, पण हसू फुटलंच. हीसुद्धा हसली. मग गंभीर झाली. "म्हणजे माझ्यामुळे या पोराची तीन वर्षं जाणार?"

हिचा तो चेहरा मला बघवेना. मी डोळे मिटून ते दिवस आठवू लागलो. ती नळी, नळ, वरची टाकी. रविवारी पंपवाल्याची सुट्टी असायची, टाकी दुपारपर्यंत कोरडी पडायची. नोंदी मात्र रविवारीही व्हायच्या.

"मुली," मी डोळे उघडून म्हणालो, "त्या तीन उन्हाळ्यांचे फक्त रविवार दाखवता येतील?"

तिने दोन-चार बटणं दाबली. खड्ड्यातले बाकीचे ठिपके विझले. उरले ते रविवार, आणि ते खड्ड्यात नव्हतेच. ते वर, मागच्या-पुढच्या वर्षांच्या ओळीत, आपापल्या जागी उभे होते.

मोजताना ते इतर दिवसांसारखेच घामट, कंटाळवाणे दिवस होते. त्यांनी एवढी वर्षं काही न बोलता बाकीच्या दिवसांचा तोल धरून ठेवला होता.

"गाळायला नकोत," मुलगी हळूच म्हणाली. "रविवारांवरून बाकीचे दिवस दुरुस्त करता येतील. आजोबा, मी दादाला आत्ताच फोन लावते!"

"फोन कर. पण त्याला प्रबंधाला जोडायला सहीचा कागद लागेल. आणि पत्र मला आलंय. उत्तर माझंच जायला हवं."

ती गेल्यावर मी लिहायला बसलो. पहिले तीन कागद क्षमा मागण्यातच फुकट गेले. चौथ्यावर नुसती हकीकत लिहिली: कुंपण पेटीपासून किती पावलांवर, नळी किती वाजता, पाणी कोणत्या वारी नसे. शेवटी लिहिलं की चूक माझी. मला दिसत होतं आणि मी बोललो नाही.

हिने कागद वाचला. "माझं नाव कुठेय?"

"तुला कशाला गोवायचं?"

"पाणी मी घातलं, साक्षीदार मीच. सरका." माझ्या सहीखाली तिने आपली ठसठशीत सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघं पोस्टात गेलो आणि पाकीट रजिस्टर करून दिलं.