गेर्टीचं चित्र

आईच्या पर्समध्ये तो फोटो आहे हे कळलं असतं, तर इस्रायलमधल्या हायफाच्या घरातच मी पर्स हिसकावून घेतली असती.

आम्ही व्हिएन्नाला आलो होतो गेर्टीसाठी. गेर्टी ही आईची थोरली बहीण. आईला सातव्या वर्षी तिच्या मावशीबरोबर पॅलेस्टाईनला धाडलं, म्हणून ती वाचली. मागे राहिलेल्या गेर्टीला नाझींनी नेलं आणि भिंतीवरचं तिचं चित्रही कुणीतरी लांबवलं. तिची ना कबर, ना फोटो. चित्र मात्र इथल्या संग्रहालयात मजेत टांगलंय, खाली पाटी ‘अनोळखी मुलगी’! आईला ती घरी न्यायची होती, बस्स.

सुनावणीत संग्रहालयाच्या वकिलाने विचारलं, “चित्र तुमच्याच घरात होतं कशावरून?”

आईने झटक्यात पर्स उघडली. “घ्या! ही बघा आमची भिंत!”

फोटोत पणजोबा खुर्चीत बसलेले. मागे भिंत, त्यात हातभर जागेत उघड्या विटा. चित्र नाहीच!

कर्मठ ज्यूंच्या घरी दारासमोरच्या भिंतीचा एवढा तुकडा गिलाव्याविना सोडतात, जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्याचं दुःख म्हणून. माझ्या आजीला पाहुण्यांपुढे त्या विटांची लाज वाटायची, म्हणून तिने वर गेर्टीचं चित्र लावलं. पणजोबा येणार असले की चित्र कपाटात जायचं, नाहीतर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आईने हे सगळं हातवारे करून सांगितलं.

“म्हणजे चित्र कपाटात,” वकील हसला. “फोटोत तर कपाटही दिसत नाही. सात वर्षांच्या होतात ना? दुसऱ्या कुणाकडे पाहिलं असेल, आजीबाई. होते कधीकधी आठवणींची सरमिसळ.”

मेल्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण आईने फोटो उचलून पर्समध्ये परत ठेवला. सबंध हायफा जिच्या तोंडाला घाबरतं, त्या माझ्या आईने!

सुनावणीच्या अध्यक्षांनी पुरावा अपुरा म्हणून दावा फेटाळला. बाहेर आल्यावर आमचा वकील म्हणाला, “पुढे जायला आता वाट नाही.” मी त्याच्यावर ओरडले, हातापाया पडले.

“मला तिच्याकडे ने,” आई म्हणाली.

तिकीट काढून संग्रहालयात गेलो. स्वतःच्या मावशीला भेटायला तिकीट! चित्रातल्या मुलीने वेणीचं टोक दातात धरलं होतं. आई चित्राला नाक लावायला गेली, तसा पहारेकरी खेकसला. ती दचकून मागे सरली, पण नजर हटवेना. मला वाटलं, आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

“नुरित, वेणी चावायची सवय गेर्टीला होती की मला?”

“आई, गेर्टीलाच. तूच सांगायचीस ना?”

“मीच सांगायची गं. पण मला कुणी सांगितलं?” तिने माझा दंड घट्ट धरला. “नीट बघ. हीच आहे ना आपली गेर्टी?”

मी काय बघणार होते? मी गेर्टीला कधी पाहिलंच नव्हतं. तिला पाहिलेलं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि तेच मला विचारत होतं.