लाल चौकटीतला श्रोता

अभिजीतसर सिल्वासाला आले ते दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि एक शब्द घेऊन. शब्द होता ‘संधी’. यंत्राला माणसाचं मन वाचायला शिकवण्याची संधी, मेंदूविज्ञान आणि मशीन लर्निंग एकत्र आणण्याची संधी, आणि सामरवरणीच्या कामगार वस्तीला संशोधनाच्या नकाशावर जाण्याची संधी. मारुतीच्या मंदिरापुढच्या मांडवात हे सगळं ते उभ्या-उभ्या बोलले, बूट न काढता. खानदेशातून पोटासाठी इथे आलेली माणसं सभ्य. कुणी बुटांकडे पाहिलं, कुणी मारुतीकडे पाहिलं.

सरांना अभ्यास करायचा होता लक्षाचा. म्हणजे श्रोत्याचं लक्ष कधी लागतं, कधी उडतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून यंत्राला कळलं पाहिजे. त्यासाठी दोन तास मोबाइल खिशात ठेवून एका जागी बसणारी माणसं हवी होती, आणि अशी माणसं त्यांना मुंबईभर शोधून सापडली नव्हती. कुणीतरी सांगितलं, कीर्तनात जा. सर कीर्तनाला ‘इव्हेंट’ म्हणत आणि कीर्तनकार महाराजांना ‘स्पीकर’. पाच दिवस त्यांनी सप्ताहातली कीर्तनं चित्रित केली. त्यातलं एकही त्यांनी ऐकलं नाही. कानात स्वतःचे हेडफोन होते.

चित्रं जमली की त्यांवर खुणा करायला माणूस लागतो. यंत्राला आपलं आपण काही कळत नाही. हजार चेहरे दाखवून ‘हे लक्ष, हे दुर्लक्ष, ही झोप’ असं बोट धरून शिकवावं लागतं. या कामाला सरांनी दोघांना नेमलं. एक चिन्मय, टोकरखाड्यात राहणाऱ्या एका कारखाना-मॅनेजरचा मुलगा. आणि दुसरी कावेरी.

कावेरी वाळूआप्पाची मुलगी. वाळूआप्पा खडोलीच्या सुताच्या कारखान्यात मशीनवर बारा-बारा तासांची पाळी करायचा. मुलगी कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात झाली, आणि वर्षभर घरी बसून अर्ज करत होती. प्रत्येक अर्जात एक रकाना असायचा, ‘पूर्वीचा संशोधनाचा अनुभव’. तो रकाना ती कोरा सोडायची आणि पलीकडून उत्तरही कोरंच यायचं. सरांकडे मात्र त्यांच्या संस्थेतली एक खरीखुरी जागा होती. दोन वर्षं संशोधन सहायक, आणि काम चांगलं झालं तर तिथूनच पुढे पीएच.डी. जागा एकच. सरांनी काही चित्रांवर आधीच स्वतः खुणा करून ठेवल्या होत्या. ज्याच्या खुणा त्यांच्याशी जास्तीत जास्त जुळतील, त्याचं नाव पुढे जाणार. म्हणजे चेहरे ओळखायची परीक्षा नव्हतीच. सर ओळखायचे होते.

चिन्मयला हे पहिल्याच दिवशी समजलं. गाणी ऐकत, बिस्किटं खात तो रोजचं काम तासाभरात उरकायचा. उघडे डोळे म्हणजे लक्ष, वळलेली मान म्हणजे दुर्लक्ष, मिटलेले डोळे म्हणजे झोप. त्याच्या खुणा शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जुळल्या. कावेरीच्या एकाहत्तर.

सरांनी तिला टोकरखाड्याच्या ऑफिसात बोलावलं आणि लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

“हे काय आहे?”

पडद्यावर एक चेहरा होता. पन्नाशीचा, दाढीचे खुंट वाढलेले, डोळे गच्च मिटलेले.

“लक्ष आहे, सर,” कावेरी म्हणाली.

“झोपलाय तो माणूस!”

“नाही सर. ते ऐकतायत.”

“तुला कसं माहीत?”

“ते माझे वडील आहेत.”

सर खुर्चीत मागे रेलले आणि चिन्मयकडे बघून हसले. “बघ, याला म्हणतात पूर्वग्रह. विज्ञानात बाबा-बिबा नसतात, कावेरी.”

“पण सर, त्यांची बोटं बघा. गुडघ्यावर ताल धरतायत. मी सगळी चित्रफीत मोजून पाहिली, एकदाही चुकलेली नाहीत. झोपलेला माणूस कसा ताल धरेल?”

“बोटं कुठे आहेत इथे?”

बोटं नव्हती. सरांच्या प्रोग्रामने प्रत्येक माणूस गळ्यापाशी छाटून फक्त चेहरा ठेवला होता. चौकोनी चेहरे, रांगेत लावलेले.

“सर, मूळ चित्रात आहेत. हात कापून टाकले तर...”

“हे बघ,” सरांनी आवाज समजूतदार केला. मूर्ख माणूस समजूतदार आवाज काढतो तेव्हा त्याच्या हातात काहीतरी देण्यासारखं असतं, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. “तू हुशार आहेस. तुमच्यातून इतपत वर येणं सोपं नाही. परवा काल्याच्या दिवशी तेजस्विनी मॅडम येतायत, मेंदूविज्ञान विभागाच्या प्रमुख. जागेवर सही त्यांची, शिफारस माझी. उद्यापर्यंत यादी सुधार. संधी दार वाजवत बसत नाही.”

‘तुमच्यातून’ हा शब्द तिने घरापर्यंत चघळत नेला.

घरी मंजुळाबाई भाकरी थापत होती. लेकीचं ऐकून तिने परात बाजूला सारली. “झोपला म्हणे! त्या मेल्याला म्हणावं, दोन तास मांडी घालून बसून दाखव. पाचव्या मिनिटाला कण्हशील. आणि बूट घालून देवापुढे येणाऱ्याला लक्ष कशाशी खातात ते काय ठाऊक?”

वाळूआप्पा पाळीवरून आलेला, हात-पाय धुऊन टेकला होता. तो खळखळून हसला. कारखान्यात त्याची ख्याती हीच होती. शेकडो धागे एका वेळी पळत असतात, कान बधिर करणारा आवाज असतो, आणि त्यातला एक धागा तुटला की वाळूआप्पा डोळे मिटून दिशा दाखवतो. सुपरवायझर गुजराती, तो म्हणायचा, ‘वाळूभाई, आंख बंध करो ने.’ डोळे उघडे ठेवले की कान आळशी होतात, असं आप्पाचं म्हणणं. कीर्तनातही त्याने तेच चालवलं होतं.

“मी झोपेल शे असं लिखी दे ना, पोरी,” तो म्हणाला. “माले काय फरक पडस?”

“आप्पा, ते खोटं आहे.”

“देवाले माहीत शे ना मी जागा व्हतू ते? मग त्या साहेबाले कशाले सांगनं? तुनी जागा पक्की हुई जाई.”

बापाने इतक्या सहज स्वतःला देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बसली आणि मिटलेल्या डोळ्यांचे सगळे चेहरे एकामागून एक झोपवत गेली. विणेकरी झोपले, जळगावच्या तीन म्हाताऱ्या झोपल्या, शेवटी बाप झोपला. खाली ‘या खुणा माझ्या निर्णयाने केल्या आहेत’ असं छापलं होतं, तिथे सही केली. शंभरातल्या नव्व्याण्णव जुळल्या, चिन्मयपेक्षा एक जास्त. सरांनी उत्तरात एक अंगठा पाठवला. पहिली यादी मात्र तिच्याच्याने पुसवली नाही. ती तिने तशीच जपून ठेवली.

काल्याचं कीर्तन सकाळचं. मांडव गच्च भरला, दह्या-लाह्यांची हंडी वर बांधलेली. सरांनी महाराजांच्या शेजारी भिंतीएवढा पडदा लावला होता, तेजस्विनी मॅडमना प्रात्यक्षिक दाखवायला. यंत्र तिथल्या तिथे प्रत्येक चेहऱ्याभोवती चौकट काढत होतं. हिरवी म्हणजे लक्ष, पिवळी म्हणजे दुर्लक्ष, लाल म्हणजे झोप.

आणि व्हायचं तेच झालं. आजवर ज्या मांडवात महाराजांच्या तोंडावरून नजर हलत नव्हती, तिथे सगळा समाज पडद्यात आपापलं तोंड शोधू लागला. बायका पदर सारखा करू लागल्या. मागे उभे असलेले टाळकरीसुद्धा माना उंच करून बघत होते. महाराज कृष्णाच्या शिदोरीची कथा सांगत होते, गोपाळांनी आपापली शिळी भाकरी कशी एकत्र केली ते सांगत होते, आणि ऐकत कुणीच नव्हतं. पडद्यावर मात्र डोळे मोठे, माना सरळ! सगळा मांडव हिरवागार.

“ब्याण्णव टक्के लक्ष, मॅडम,” सर कुजबुजले. “पाच दिवसांतला उच्चांक.” चिन्मयने पटकन फोटो काढला. मॅडम बूट काढून खाली सतरंजीवर बसल्या होत्या.

खांबाशी एकच चौकट लाल होती.

कथा टिपेला आली. महाराजांनी नेहमीप्रमाणे बोलता बोलता अभंगाच्या ध्रुपदावर झेप घेतली, पहिला शब्द उच्चारला, आणि त्यांना ठसका लागला. असा की श्वास मिळेना. अशा वेळी तोच शब्द मागच्यांनी उचलायचा असतो. कीर्तनाची रीतच तशी, महाराजांनी टाकायचं आणि समाजाने झेलायचं. पण टाकलेलं झेलणार कोण? टाळ थांबलेले, तोंडं पडद्याकडे. मृदंग दोन मात्रा एकटाच वाजला आणि गडबडला.

तेवढ्यात खांबापासून आवाज उठला. भसाडा, पण अचूक. ज्या शब्दावर तुटलं होतं त्याच शब्दावर, त्याच सुरात, अर्धी मात्राही न सांडता वाळूआप्पाने ध्रुपद उचललं. डोळे मिटलेलेच. मृदंगाला जीव आला, टाळकरी ओशाळून धावले, आणि दुसऱ्या आवर्तनाला सगळा मांडव विठ्ठलाच्या नावाने दणाणला. महाराज पाणी पिऊन सावरले आणि त्यांनी खांबाच्या दिशेने हात जोडले.

पडद्यावर वाळूआप्पाचं तोंड वासलेलं होतं, मान डोलत होती, आणि भोवतीच्या लाल चौकटीवर शब्द होता ‘झोप’.

पहिली हसली एक म्हातारी. मग हशा मांडवभर पसरला. सरांनी घाईघाईने लॅपटॉपची कळ दाबली, पण यंत्र त्यांच्यासारखंच होतं. एकदा ठरवलं की बदलायचं नाही.

“या चेहऱ्याला झोप म्हणायला यंत्राला शिकवलं कुणी?” मॅडमनी विचारलं.

“लेबल्स मी केलेली नाहीत,” सर पटकन म्हणाले. “स्थानिक मुलीने केली. तिची सही आहे.” मग कावेरीला बाजूला घेऊन, तोच समजूतदार आवाज काढून म्हणाले, “सांग, नजरचुकीने झालं. अपवाद म्हणून सोडून देऊ. शिफारस तयार आहे, आज पाठवतो.”

तिने त्या माणसाकडे नीट पाहिलं. पाच दिवस तो या मांडवात होता. देवाच्या दारात येऊन, संतांच्या शब्दांत उभा राहून, त्याच्या अंगाला काडीचंही काही लागलं नव्हतं. त्याचा राग येण्याइतकाही तो मोठा नव्हता. राग आला तो तिला स्वतःचा.

ती मॅडमसमोर जाऊन बसली.

“नजरचूक नाही, मॅडम. ते माझे वडील आहेत. ते जागे असतात हे मला माहीत होतं. पहिल्या यादीत मी तसं लिहिलंही होतं. मग मला जागा हवी होती म्हणून बदललं.”

सर म्हणाले, “मॅडम, हिला प्रक्रिया समजत नाही...”

“अभिजीत, बूट काढ आधी,” मॅडम म्हणाल्या. मग कावेरीकडे वळल्या. “खोट्या सहीवर मी जागा देऊ शकत नाही. समजतंय?”

“हो.”

“पहिली यादी आहे?”

“आहे. आणि हातांसकट मूळ चित्रंही. मी ताल मोजलाय.”

“मग ती मला पाठव. ही सही केलेली यादी रद्द, तिच्यावर उभं असलेलं सगळं काम रद्द. या वर्षी जागा कुणालाच नाही. पुढच्या वर्षी माझ्याकडे अर्ज उघडतील. मी काही वचन देत नाही. पण अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं, ते आता तुला कळलं असेल.”

हंडी फुटली. दही-लाह्या अंगावर उडाल्या, सरांच्या लॅपटॉपवरही. ते रुमालाने पुसत, हातात बूट घेऊन, गाडीकडे निघाले. त्यांना कुणी थांबवलं नाही, प्रसादाला मात्र दोनदा बोलावलं. या माणसांची रीतच तशी.

कावेरी प्रसादाच्या रांगेत बापामागे उभी राहिली. “गेली जागा, आप्पा.”

वाळूआप्पाने मागे न बघता हात लांब करून तिचा हात धरला आणि वाढणाऱ्याला म्हणाला, “इकडे दोन वाटे जास्ती दे रे भाऊ. पाच दिवस झोपेल व्हतू, भूक लागेल शे.”

घरी येऊन तिने जपून ठेवलेली यादी उघडली, प्रत्येक चेहऱ्याला त्याचे हात परत जोडले आणि मॅडमना पाठवायला पहिल्या ओळीपासून तपासू लागली. आत मंजुळाबाई लाह्या निवडता निवडता सकाळचंच ध्रुपद गुणगुणत होती. कावेरीने डोळे मिटले आणि बोटांनी टेबलावर मात्रा मोजायला घेतल्या.