शिंग की किरण

मी शिंग बोलतोय. भुऱ्या बैलाचं, उजव्या अंगाचं. बैल गेला तेव्हा शांतवन मास्तरांनी मला घासूनपुसून राहुरीजवळच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये वेदीशेजारी ठोकलं.

मास्तर मंडळीला म्हणाले, "बायबलातले इब्री संदेष्टे देवाच्या बळाला शिंग म्हनायचे. बळ कशापायी? पडलेल्याला धरायला. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं हे धरून बोलावं, आन् आपून मुकाट ऐकावं."

तशी रीतच पडली. पाटाच्या पाण्याची भांडणं, लेकानं टाकलेली आई, सगळी मला धरून बोलली. हात लागून लागून मी गुळगुळीत झालो. गाऱ्हाणं गरिबाविरुद्ध गरिबाचं होतं, तोवर मी कुणाला खुपलो नाही.

मास्तर वारले. मग एका रविवारी अश्विनीनं मला धरलं. मंडळीचे पंच सहादेव यांची ती सून.

"नवरा मारतो मला. मामंजींना ठाऊक हाय. आता तुमा सगळ्यांना बी असू द्या."

सहादेवांनी समोरच्या बाकावर घसा खाकरला. बायकांनी पदर सारखे केले. बाहेर पडताना कुणीतरी म्हणालंच, "सुनेला शिंगं फुटली."

पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचनात बायबलची मूळ भाषा काढली. "इब्रीत शिंग आणि किरण, दोन्हींना शब्द एकच. संदेष्ट्याला देवाच्या हातातून किरण निघताना दिसले. आपण अडाणीपणानं बैलाचं शिंग टांगून बसलो."

शब्द खरा होता हो. पण इतकी वर्षं कुणाला आठवला नाही, सहादेवांची सून बोलल्यावरच बरा आठवला. चीड येते ती याची.

त्याच दुपारी मला उपटलं. माझ्या जागी आता सहादेवांनी दिलेला प्लास्टिकचा हात आहे. बटण दाबलं की बोटांतून पिवळे किरण निघतात. मी शेजारच्या सामानाच्या खोलीत, फाटक्या सतरंजीवर पडलोय.

परवा दार उघडं होतं. अश्विनी उपासनेत उठली, भिंतीपाशी गेली. गालावर वळ होता. जुन्या सवयीनं तिनं हात वर केला. उजेड तळहातावर पडला. तिनं मूठ मिटली, परत उघडली. मग जागेवर जाऊन बसली, आणि मंडळीनं गीत सुरू केलं.

शिंग म्हणा, किरण म्हणा, मला दोन्ही सारखंच. पण तिला धरायला काहीतरी ठेवायचं होतंत.